वाटाण्याचे चार ढीग

“...नाक बापाचं, आवाज बापाचा, चालही त्याचीच. मग राग तेवढा कुठे जाणार, बाबा?”

महिनाभर मनात दाबून ठेवलेलं हणमंतमास्तरांनी एकदाचं बोलून टाकलं. जेवणात केस निघाला की बाप ताट भिंतीवर भिरकावायचा. आईचं मनगट त्यानेच मोडलं होतं. आणि परवा हणमंताची सुपारी फुटायची होती. ते लग्न मोडायला त्याला गुरूंची, रेवणबाबांची परवानगी हवी होती.

रेवणबाबा त्याच्या बापाला चांगले ओळखत होते. मठामागच्या वाफ्यातल्या वाळलेल्या वाटाण्यांनी भरलेलं सूप त्यांनी पुढे सरकवलं.

“यांचा आजा पिवळा, गुळगुळीत. आजी हिरवी, सुरकुतलेली. त्यांचं लग्न मीच लावलं, कुंचल्याने पराग टेकवून. पहिली पिढी सगळी आजावर गेली. ही नातवंडं. दोन ढीग कर. आजाचा एक, आजीचा एक.”

“एवढंच ना?” असली कामं म्हणजे मास्तरांच्या डाव्या हातचा मळ.

पिवळे गुळगुळीत दाणे भराभर आजाकडे गेले. हिरवे सुरकुतलेले मोजकेच निघाले, ते आजीकडे. मग एक दाणा चिमटीतच राहिला. रंग पिवळा, पण अंग सुरकुतलेलं. पुढचा हिरवागार, पण गुळगुळीत.

“हे कुठे टाकू?”

“तू मास्तर. तूच ठरव.”

त्याने ते आजाकडे टाकले, परत काढले, आजीकडे टाकले. डोकं भणभणायला लागलं.

“बाबा, रंग एकाचा आणि अंग दुसऱ्याचं, असं कसं?”

“सगळं एका मोळीत बांधून येतं, असं तुला कुणी सांगितलं?”

...

दुपार कलली तेव्हा कुठे चार ढीग झाले. हणमंताने पाठ सरळ केली.

बाबा उठले. चारही ढीग त्यांनी हाताने एकात एक लोटून दिले. काही दाणे घरंगळत पार चुलीपर्यंत गेले.

हणमंत थिजला. आता तो राग येईल, त्याला वाटलं. आता सूप भिंतीवर जाईल. मुठी आवळून तो वाट पाहत राहिला...

काहीच आलं नाही. तो पुरता गोंधळला. मग खाली वाकून एकेक दाणा वेचू लागला.

“पुन्हा निवडू ना, बाबा?”

बाबांनी डोळे मिटून ते ऐकलं.

“आवाज मात्र अगदी बापाचा आहे.”