सरनाईकांचे भाऊबंद

दादासाहेब सरनाईकांना आपल्या कुळाचा भारी तोरा. गावातली शाळा त्यांचीच, आणि तिथे विज्ञान शिकवणारी सुलक्षणा त्यांची लाडकी सून. एका संध्याकाळी त्यांनी घरातच फर्मान काढलं, “सूनबाई, उद्यापासून तो उत्क्रांतीचा धडा बंद! माकडं म्हणे आमचे पूर्वज!”

“पूर्वज नव्हेत मामंजी, भाऊबंद,” सुलक्षणा म्हणाली.

“भाऊबंद? म्हणजे उद्या वाटणी मागायला दारात उभे! ते काही नाही. सरनाईकांच्या अंगात माकडाचा अंशसुद्धा नाही!”

एवढं ठणकावून ते ऐटीत झोपाळ्यावर बसायला गेले. झोपाळा मागे सरकला आणि दादासाहेब धप्पकन फरशीवर आले.

“आई गं! सूनबाई, माझं माकडहाड!”

सुलक्षणा धावली. त्यांना अलगद पालथं निजवून तिने गरम पाण्याची पिशवी आणली आणि साळसूदपणे विचारलं, “कुठलं हाड म्हणालात, मामंजी? ते तर शेपटाचा उरलेला बुंधा. सरनाईकांना कसं असेल?”

दादासाहेबांनी उशीत तोंड खुपसलं. मग हळूच म्हणाले, “मला शिकवलास तो धडा पोरांनाही शिकव. फक्त उदाहरण घरचं देऊ नकोस.”