छत्तीस डॉक्टरांची वाडी

इंग्रजी शिक्षकांच्या तालुका प्रशिक्षणात तज्ज्ञ रणनवरे सरांनी आपल्या डोंगरातल्या नमुना शाळेच्या छत्तीस वह्या टेबलावर मांडल्या. एकीतही लाल रेघ नव्हती. मग त्यांनी प्रमिला घुलेबाईंच्या वर्गातली एक वही, मेलेला उंदीर उचलावा तशी, दोन बोटांत धरली.

"पानभर चुका! साहेब, अशा शिक्षकांना पुन्हा दहा दिवस माझ्याकडे पाठवा."

शिक्षणाधिकाऱ्यांनी यादीसाठी पेन उघडलं.

घुलेबाईंना मात्र वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. परकी भाषा शिकताना पोर धडपडतंच. मग इथं छत्तिसातलं एकही कसं पडलं नाही? त्यांनी 'माझे वडील' हा निबंध एका वहीत उघडला, मग दुसऱ्या, मग पाचव्या. उरलेल्या वह्याही भराभर चाळल्या.

"सर, तुमच्या वाडीतली माणसं करतात काय?"

"मेंढ्या राखतात. म्हणून तर कौतुक!"

"साहेब, आपल्या दवाखान्याला वर्षभर डॉक्टर मिळत नाही ना? सरांच्या वाडीत छत्तीस आहेत. प्रत्येक पोराचा बाप डॉक्टर, आणि सगळ्यांचं वर्णन शब्दन्‌शब्द सारखं!"

सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी स्वतः चार वह्या पाहिल्या आणि पेनाला टोपण लावलं.

बाईंनी सरांच्या हातातली आपली वही काढून घेतली. "यात चुका आहेत, सर. ऊसतोडीला गेलेल्या बापाबद्दल पोरानं स्वतः लिहिलंय. तुमच्या वह्यांत चुका कुठून येणार? त्यांत पोरंच नाहीत."