घातलं पाणी, निघालं पाणी

"गाडी पाण्यावर चालते हे तुम्हाला पटत नाही, की ती मी चालवली हे पटत नाही?"

उमाकांत सुतारनं असं विचारलं, तेव्हा बाबालाल उस्ताद हौदाच्या कठड्यावर बसून बादलीची वाकडी कडी सरळ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच तर! अर्धा तास मी बोलतोय. तुम्ही काहीच म्हणत नाही."

"ऐकतोय की."

खडकवळणाच्या घाटात, निम्म्या चढावर, पिराच्या चौथऱ्याला लागून एक दगडी हौद आहे. चढानं तापलेल्या गाड्या तिथं थांबतात. बाबालाल शिकलगारांनी बत्तीस वर्षं खाली गावात गॅरेज चालवलं, मग एक दिवस ते पुतण्याच्या हवाली केलं आणि इथं येऊन बसले. गाडी आली की बादली भरून द्यायची, एवढंच काम. गाडीवाले त्यांचं नाव विचारत नसत.

त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं मात्र त्यांना शोधत वर येत.

उमाकांत त्यांतला सगळ्यात हुशार. उस्तादांकडे चार वर्षं काढली, मग डिप्लोमा केला, मग तंत्रशाळेत शिकवायला लागला. तीन वर्षांपूर्वी त्यानं ती नोकरी सोडली. ज्या गोष्टीसाठी सोडली ती आता हौदापासून पंधरा पावलांवर उभी होती. एक जुनी, पांढरी, छोटी मोटार. मागची सीट काढून तिथं ट्रकच्या चार बॅटऱ्या बसवलेल्या. त्यांच्या पुढ्यात पाण्याचं बंद भांडं आणि त्या भांड्यातून इंजिनाकडे गेलेली नळी.

"परत एकदा सांग," उस्ताद म्हणाले.

"बॅटरीच्या विजेनं पाण्याचा वायू होतो. तो इंजिनात जळतो. इंजिन फिरलं की डायनामो बॅटरी परत भरतो. आपण फक्त पाणी घालायचं."

"म्हणजे फिरतच राहणार."

"फिरतच राहणार!"

"आणि घाट कशावर चढलास?"

उमाकांत जरा थांबला. "घाट पेट्रोलवर. चढाला अजून जोर कमी पडतो. पण जागेवर उभी असली की निव्वळ पाण्यावर चालते. उद्या बघालच तुम्ही."

उद्या सकाळी तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर प्रयोग होता. मांडव पडला होता. उमाकांतची बायको सुलभा गल्लीतल्या घराघरांत जाऊन आमंत्रण देऊन आली होती. तीन वर्षं तिनं शिलाईवर घर चालवलं होतं आणि एकदाही त्याला मागं ओढलं नव्हतं.

"तुम्ही पुढच्या खुर्चीत बसायचं," उमाकांत म्हणाला. "माझे उस्ताद म्हणून."

"आणखी कोण येणार?"

"सगळं गाव. माझे तीन विद्यार्थी आहेत, चांगल्या कारखान्यात आहेत. ते नोकरी सोडून माझ्याबरोबर यायचं म्हणतात. राजीनामे लिहून खिशात ठेवलेत. उद्याचा प्रयोग झाला की देणार."

उस्तादांनी बादली खाली ठेवली.

"रात्री बॅटऱ्यांना घरची वायर लावतोस?"

"रोज नाही..."

"काल?"

"काल लावली. उद्या प्रयोग आहे, म्हणून आपला एक आधार."

"आणि गाडी बंद पडेपर्यंत कधी चालवलीस?"

"बंद पडेपर्यंत? कशाला?"

"चालवलीस का?"

"...तशी गरजच पडली नाही."

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चौथऱ्याजवळचं लाकडी स्टूल उचलून गाडीच्या नाकासमोर नेलं आणि त्यावर बसले.

"पेट्रोलचा कॉक बंद कर. पाण्यावर टाक."

उमाकांतचा चेहरा उजळला. तीन वर्षं तो ज्या क्षणाची वाट बघत होता, तो उद्याच्याऐवजी आजच आला होता. त्यानं कॉक फिरवला, पाणी बघितलं, एक बटण दाबलं. भांड्यात बुडबुडे उठले. किल्ली फिरवताच इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं.

"बघा!"

"चांगलं बसवलंयस," उस्ताद म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे उमाकांतला कळलं.

"बंद करू?"

"राहू दे चालू."

"किती वेळ?"

"मला काही काम नाही. तुला आहे?"

उमाकांत खाली उतरला आणि हौदाच्या कठड्यावर बसला. दुपार कलायला लागली होती. इंजिन एका लयीत चाललं होतं.

पाच मिनिटं गेली. दहा.

मध्ये कोबीनं भरलेला एक टेंपो वाफ सोडत आला. ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, "थांब. निवू दे आधी."

ड्रायव्हर थांबला. त्यानं तंबाखू मळली. मग पांढऱ्या गाडीकडं बघत विचारलं, "ही काय बिघडलीय?"

"नाही," उमाकांत म्हणाला. "ही पाण्यावर चालतेय."

ड्रायव्हर हसला. "आमची पाण्यावाचून थांबलीय आणि तुमची पाण्यावर चालतेय. बरं आहे!" थोड्या वेळानं त्यानं दोन बादल्या पाणी घातलं आणि तो गेला.

पंचविसाव्या मिनिटाला आवाज किंचित उतरला.

उमाकांत उठून गाडीजवळ गेला, आत डोकावला, भांड्यात थोडं पाणी घातलं. पाण्यानं काही फरक पडला नाही. पाणी मुळात कमी झालंच नव्हतं फारसं. बुडबुडेच बारीक झाले होते.

"गारठ्यानं होतं कधीकधी," तो म्हणाला.

ऊन अजून रणरणत होतं.

"असेल," उस्ताद म्हणाले.

चाळीस मिनिटं झाली. इंजिन आता श्वास लागलेल्या माणसासारखं चालत होतं. मध्येच थांबल्यासारखं व्हायचं, पुन्हा धरायचं. उमाकांत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. त्याच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता. डाव्या गुडघ्यापाशी पेट्रोलचा कॉक होता. एक बोट पुरे होतं. अर्धा वेढा दिला असता, तर इंजिन पुन्हा घुमलं असतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला तिथून काही दिसलंही नसतं.

त्याचा हात कॉकवर गेला.

उस्ताद त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली नाही की डोळे वटारले नाहीत. एखाद्या पोराला पहिल्यांदा इंजिन खोलायला देऊन बाजूला उभं राहावं, तसे बघत होते.

इंजिनानं एक हिसका दिला.

उमाकांतनं हात काढून मांडीवर ठेवला.

आणखी एक हिसका... मग गाडी थांबली.

घाट एकदम शांत झाला. लांब खाली कुठंतरी ट्रकनं गिअर बदलल्याचा आवाज आला, तेवढाच.

"पाऊण तास," उमाकांत म्हणाला.

उस्ताद उठले आणि गाडीच्या मागं गेले. इंजिन चालू असताना त्यांनी केव्हा तरी सायलेन्सरच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचं एक पातेलं तिरपं करून ठेवलं होतं. ते घेऊन ते पुढं आले. पातेल्याच्या बुडाशी चमचा दोन चमचे पाणी साठलं होतं.

"हे काय?"

"पाणी."

"तू आत काय घातलं होतंस?"

"पाणी."

"घातलं पाणी, निघालं पाणी... मग जळलं काय?"

उमाकांत पातेल्याकडं बघत राहिला. हे त्यानं तंत्रशाळेत फळ्यावर लिहून शिकवलं होतं. परीक्षेत हाच प्रश्न घातला होता. ज्यांना उत्तर आलं नव्हतं, त्यांना नापास केलं होतं.

"काल रात्रीची वीज," तो अखेर म्हणाला.

"हं."

उस्तादांनी चौथऱ्यामागच्या आपल्या चुलीकडं बोट केलं. "त्या चुलीतली राख काढून तिच्यावर मला चहा करून दे बरं."

"उस्ताद, कळलं मला."

"पाणीसुद्धा राखच रे. कधीतरी पेटून, जळून, शांत झालेली. तिला पुन्हा पेटवायचं, तर जेवढं जळालं होतं त्याहून जास्त पदरचं घालावं लागतं."

उमाकांत खाली बसला, तिथंच, डांबराच्या कडेला, डिप्लोमावाल्या माणसानं बसू नये तसा.

"तुम्हाला हे सुरुवातीपासून माहीत होतं."

"होतं."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"तू विचारायला नव्हता आलास. सांगायला आला होतास." उस्ताद त्याच्याशेजारी टेकले. "आणि गरम रेडिएटरचं झाकण मी उघडत नाही."

उमाकांतनं कडेचा एक खडा उचलून दरीत टाकला.

"मीही केली होती अशी गाडी," उस्ताद एकाएकी म्हणाले. "गाडी कसली, मोटरसायकल. तू जन्मायच्या आधी. दोन वर्षं. ती पाच मिनिटांत बंद पडायची. तुझी पाऊण तास चालली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी कॉक फिरवायचो."

उमाकांतनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. उस्ताद रस्त्याकडं बघत होते.

"चौघांना दाखवली. चौघांनी पाठ थोपटली. त्यातला एक माझा सख्खा मेव्हणा होता. त्यानं त्यापायी आपलं चालतं वर्कशॉप मोडलं. तो पुढं माझ्याशी कधी बोलला नाही. त्याच्या मयतीलाही मला कुणी बोलावलं नाही."

"उद्या मी काय करू, उस्ताद?"

उस्तादांनी पातेलं पालथं केलं. दोन चमचे पाणी डांबरावर पडलं आणि बघता बघता वाळून गेलं.

"उजेड आहे तोवर घाट उतर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. उमाकांतनं गाडी मांडवासमोर उभी केली. रात्री त्यानं बॅटऱ्या पुन्हा पूर्ण भरल्या होत्या, आणि भरल्यात हे सगळ्यांत आधी माइकवर सांगून टाकलं. मग पेट्रोलची नळीच काढून टेबलावर ठेवली आणि गाडी पाण्यावर चालू केली. टाळ्या पडल्या.

"आता आपण ती बंद पडेपर्यंत थांबायचं," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, हा गंमत करतोय.

पाऊण तासानं गाडी बंद पडली, तेव्हा निम्मं मैदान रिकामं होतं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "बादली आणा रे, बादली!" उमाकांतनं कानाआड केलं. पाण्यात आणि विजेत नक्की काय झालं, ते त्यानं सोप्या शब्दांत समजावलं. आपण तीन वर्षं काय बघायचं टाळलं, तेही सांगितलं. सुलभा पहिल्या रांगेत, उस्तादांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारी होती. ती शेवटपर्यंत उठली नाही. खुर्चीची कड घट्ट धरून, जणू खुर्चीनंच तिला धरून ठेवलंय अशी बसली होती.

तिघा विद्यार्थ्यांपैकी दोघं न भेटताच गेले. तिसरा जवळ आला. त्यानं खिशातला राजीनामा काढला, फाडला आणि म्हणाला, "सर, रविवारी सुट्टी असते मला. पुढचं काही करणार असाल तर येतो."

चौथ्या दिवशी उमाकांत एसटीनं घाटात उतरला. उस्ताद हौदातलं शेवाळ काढत होते. त्यानं बाही वर करून दुसरा खराटा घेतला आणि घासायला लागला.

एक बाजू घासून झाल्यावर म्हणाला, "तीन वर्षं पाण्यात गेली, उस्ताद."

उस्ताद घासत राहिले.

"लोकांच्या नजरेतून पडलो. रस्त्यानं जाताना पोरं बादली बादली म्हणून ओरडतात."

"आणि सुलभा?"

"ती म्हणाली, तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही रात्री झोपलात."

उस्तादांच्या मिशीत काहीतरी हललं.

उमाकांत उभा राहिला. वळणाच्या पलीकडं, खूप खाली, धरणाची भिंत दिसत होती. तिच्या पायथ्याशी पांढरा फेस उसळत होता आणि तिथून निघालेले विजेचे मनोरे ओळीनं डोंगर ओलांडून गेले होते. तो बराच वेळ तिकडं बघत राहिला.

"उस्ताद, एक विचारू?" या वेळी तो विचारत होता. "पाणी जर जळून गेलेली राख... त्याच्यात जर काही उरलेलंच नाही, तर मग ते खाली बघा. त्याच पाण्यावर अख्ख्या जिल्ह्यात दिवे लागतात. तिथल्या पाण्यात एवढी ताकद कुठून येते?"

बाबालाल उस्तादांनी खराटा कठड्यावर आपटून झटकला. धरणाकडं एकदा बघितलं. मग उमाकांतकडं.

"ताकद पाण्यात नसते रे... पडण्यात असते."