विकत घेतलेला विश्वास

सगुणाचा नवरा दूर कर्नाटकात चाकरीला होता. भिवा जासूद तिचे निरोप तोंडी पोचवायचा आणि वाटेत कुणाला चकार शब्द कळू द्यायचा नाही. म्हातारपणी त्यानं हा धंदा हाताखालच्या माणसांसकट नगरशेठला विकला. शेठच्या पेढीवर तर रोज गावभरची कुजबुज रंगायची.

"बाई, निर्धास्त निरोप सांगा," पेढीवर आलेल्या सगुणाला शेठ चारचौघांत म्हणाला. "माणसं भिवाचीच आहेत."

"मग तुम्ही विकत काय घेतलंत?"

"लोकांचा विश्वास."

"तो आमचा होता, शेठजी. भिवाकाकांकडे नुसता ठेवायला दिला होता. दुसऱ्याची ठेव कुणी विकतं का?"



निरोप न देताच सगुणा घरी आली. 'पोर चालायला लागली, आता या,' हा निरोप ती चुलीपुढे बसून स्वतःशीच पुटपुटत राहिली.