पेठकरांची वही

"भीती कुठं वाटली तुला?" तात्या खरवंडीकरांनी विचारलं.

"कुठंच नाही," विराज म्हणाला.

परीक्षणाचे कागद त्याच्या हातात होते. पुस्तक तात्यांचंच. बारवेतल्या बाईची भयकादंबरी, दुसरा भाग. मुखपृष्ठावर दोन नावं, तात्यांचं आणि पेठकरांचं. पेठकर वर्षापूर्वी वारले.

विराजनं कॉलेज सोडलं तेव्हा त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. तात्यांनी घरात घेतलं, परीक्षण लिहायला शिकवलं.

"खरं सांग. तिसरा भाग लिहायचा की पेन खाली ठेवायचं, ते तुझ्यावर आहे."

"बाकीचे काय म्हणाले?"

"अप्रतिम म्हणाले."

"तुमच्या वयाचे सगळे एकमेकांना तेच म्हणतात. शाली घड्या घालून तयारच असतात."

तात्या हसले नाहीत.

"माणसं जबरदस्त आहेत," विराज म्हणाला. "ती भागू सुईण... बारवेत उतरते आणि त्या बाईला म्हणते, 'तुझं बाळंतपण मीच केलंय, मला काय भिववतेस?' तिथं मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. पण भागू पेठकरांची. जाण्याआधी आपलं काम चोख करून गेला माणूस."

"आणि माझी पानं?"

"भुताची? मेलेली आहेत. पानापानावर 'घाबरा, घाबरा' म्हणून ओरडताय नुसते."

"पहिल्या भागात अशीच वाटणी होती. माणसं त्याची, भूत माझं."

"दिसतंच ते."

तात्या उठले. कपाटातून एक वही काढून त्याच्यापुढे ठेवली. वर पेठकरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भाग दुसरा'.

विराजनं वही उघडली. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तो भराभर उलटत गेला...

शेवटपर्यंत कोरी.

"वही आणली त्याच आठवड्यात दवाखान्यात गेला. परत आला नाही."

"मग भागू?"

"मीच लिहिली. रोज सकाळी त्याच्या खुर्चीत बसायचो. तो काय लिहील, ते लिहायचो. दुपारी माझ्या खुर्चीत येऊन भूत लिहायचो."

विराजचा आवाज चढला. "मग हे सुतकी तोंड कशाला, तात्या? भागू तुमची आहे! त्यांचं नाव काढून टाका. मी परीक्षण बदलतो..."

"एक शब्द बदलायचा नाही."

तात्यांनी वही स्वतःकडे ओढली. "त्याच्या खुर्चीत लिहिलेलं जिवंत वाटलं?"

"हो."

"माझ्या खुर्चीतलं मेलेलं?"

विराजनं परीक्षणाच्या कागदांकडे पाहिलं. खोटं लिहायचं नाही, हे तात्यांनीच शिकवलं होतं.

"...हो."

तात्यांनी वही मिटली.

"मग आमच्यातला गेला कोण, तेवढं शेवटी लिही."