पडलेल्या माडाची जागा

कोकणपट्टीवर कातळवेळ नावाचं खारव्यांचं लहानसं गाव. तिथे वस्तीला लागून, अगदी भरतीच्या रेषेवर, वेळूनाथ महाराज झोपडी घालून राहिले होते. ना मठ, ना शिष्यांचा लवाजमा! कुणी दिलं तर खायचं, नाही दिलं तर समुद्राकडे बघत हसत बसायचं. हरबाजी तांडेलांची सून मथुरा मात्र त्यांना रोज पेजेचा वाडगा नेऊन द्यायची. घरात कितीही काम असो, त्यात खाडा नाही.

हे हरबाजींच्या डोळ्यांत खुपायचं. उभा जन्म त्यांनी मचवा हाकला होता. गुडघे गेले म्हणून सुकाणू मुलाच्या, राघूच्या हाती दिलं, पण ताठा काही गेला नाही. "माझी मान वादळापुढे वाकली नाही, ती त्या गोसावड्यापुढे वाकायची?" असं चारचौघांत म्हणायचे. सुनेला तर येता-जाता टोमणे. "ने गो, ने! मुलगा माझा खाऱ्या पाण्यात मरतो, आणि पेज तो बुवा ओरपतो." मथुरा पदर सावरून मुकाट्याने वाडगा उचलायची. सासऱ्यांपुढे बोलणार काय बिचारी!

तर मंडळी, त्या वर्षी आश्विनात तुफान आलं आणि राघूचा मचवा नेमका समुद्रात होता. सारा गाव टेकडीवरच्या देवळात जीव मुठीत धरून बसला. तुफानाचा जोर ओसरल्यावर लोक खाली उतरून बघतात तो गावच ओळखू येईना. छपरं उडालेली, कणग्यांतल्या भातात खारं पाणी, जाळी वडाच्या फांद्यांवर लोंबतायत, होड्यांच्या फळ्या कुंपणात अडकल्यायत. माणसं तेवढी वाचली होती. म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मथुरा समुद्राकडे टक लावून उभी होती.

हरबाजी काठी टेकत बंदरावर आले आणि मटकन खाली बसले. काठावरचा जुना माड मुळासकट आडवा पडला होता.

इतर झाडंही पडली होती, मग या एका माडाचं एवढं काय? सांगतो. कातळवेळच्या खाडीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक आहेत, मधे जेमतेम एक मचवा जाईल एवढीच वाट. हा माड आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत आली की सुकाणू वळवायचं, ही बापजाद्यांची खूण. ती चुकली की मचव्याचं लाकूडही हाती लागत नाही. आणि देवाची करणी अशी, की खाडीपलीकडच्या अंगाला एक माड तेवढा उभा राहिला होता.

"राघू त्यालाच आपला माड समजणार," हरबाजी पुटपुटले. "सरळ खडकावर येणार तो."

तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर शीड दिसलं. फाटकं, पण राघूचंच! बायकांनी आनंदाने आरोळी ठोकली आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांना तो पडलेला माड आठवला. पलीकडचा माड तोडावा, तर खाडीला पूर. उतरेल तो वाहून जाईल. समोर जाऊन अडवावं, तर धड होडी नाही. जाळ करावा, तर काडीन् काडी भिजलेली. बायका पदर फडकवू लागल्या, बाप्ये गळा फाटेस्तोवर ओरडू लागले.

"नका ओरडू," हरबाजी म्हणाले. "तो बघायचा नाही. मीच शिकवलंय त्याला. काठावर कोण काय बोंबलतंय तिकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त माड बघायचा. मीच शिकवलंय!"

मथुरा धावत सुटली. महाराजांची झोपडी कधीच उडून गेली होती. ते एका म्हातारीचं भिजलेलं भात खडकावर पसरत होते.

"महाराज, माझं कुंकू वाचवा हो! माड पडलाय, त्यांना वाट दिसायची नाही."

महाराजांनी हात झटकले. "माड कुठे होता गो, पोरी?"

मथुरेने मुळाचा खड्डा दाखवला. महाराज त्यात उतरले. भोवतालची ओली वाळू ढासळून त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उंच केले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले.

हरबाजींचा संताप अनावर झाला. "अरे, हे काय सोंग? हा काटकुळा म्हातारा मचव्यावरून मुंगीएवढा तरी दिसेल का? इथे माझा पोरगा मरतोय आणि याला देव देव सुचतोय!"

महाराजांचे हात तसेच वर राहिले. मचवा जवळ येत होता. लाट वर उचले तेव्हा शीड दिसे, खाली गेलं की बायका देवाचा धावा करत. त्याचं नाक पलीकडच्या माडाकडेच होतं. खडकांवर फुटणारा फेस आता अगदी त्याच्या पुढ्यात आला. मथुरेने डोळे झाकून घेतले. हरबाजींनी उठायचा प्रयत्न केला, पण गुडघे ऐकेनात.

आणि मचवा वळला! अगदी ऐनवेळी, जिथे वळायला हवा तिथेच वळला, दोन खडकांच्या मधून घुसला आणि खाडीच्या संथ पाण्यात आला. काठावर रडणं आणि हसणं एकच झालं.

राघू वाळूवर उतरला. मथुरा त्याचा हात सोडेना. हरबाजींनी त्याचं तोंड कुरवाळत विचारलं, "वाट कशी सापडली रे तुला?"

"कशी म्हणजे? माड बघून. आधी पलीकडचा एकच दिसत होता, मी तिकडेच धरलं होतं. मग आपला दिसला. बाबा, एवढ्या वाऱ्यात त्याची एक झावळी हलत नव्हती. मनात म्हटलं, हाच आपला." बोलता बोलता राघूची नजर वाळूत आडव्या पडलेल्या माडावर गेली. "हा कधी पडला?"

सगळे खड्ड्याकडे बघत होते. महाराज अजून हात वर करूनच उभे होते. ओठ निळे पडलेले, अंगावर मिठाचा थर. मथुरेने जाऊन हलकेच त्यांचे हात खाली घेतले. पाय मात्र निघेनात, वाळू घट्ट बसली होती.

कुणीतरी फावडं आणायला पळालं. "फावडं नको, पायाला लागेल," हरबाजी म्हणाले. काठी टाकून ते खड्ड्यापाशी सरपटत गेले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागले. नखांतून रक्त आलं, तरी थांबले नाहीत.

"हरबाजी, हळू," महाराज म्हणाले. "पाय दोनच आहेत मला."

वाळूतून ती पांढरी पडलेली, सुरकुतलेली पावलं वर आली. हरबाजींनी ती आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली, मग त्यांच्यावर कपाळ टेकलं, आणि लोकांनी उठवलं तरी ते उठले नाहीत.