पुतळाक्काची बांगडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, असं म्हणून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून मीही तसंच म्हणते. खरं तर फार वर्षं झालेली नाहीत. ज्यांना ही गोष्ट विसरायची घाई आहे, त्यांनीच तिला लांब ढकललंय. त्यांचं राहू दे. तुम्ही ऐका.

बोरनाका हे गाव हमरस्त्यावरचं. नाक्यावर ट्रकांची रांग लागायची आणि नाक्याच्या पाठीमागे होती मागली गल्ली. तिथे देवीला सोडलेल्या, घरच्यांनी विकलेल्या, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका राहायच्या. दिवसा गावातला एकही पुरुष त्या गल्लीकडे मान वळवून बघायचा नाही. दिवसा, म्हटलं मी.

गावात पुतळाक्का नावाची कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती सरपंचांच्या सोप्यात जायची, आणि तिथून उठून तितक्याच आनंदाने मागल्या गल्लीतल्या पायरीवर जाऊन बसायची. तिने हात धरला की हाडसुद्धा लोण्यासारखं मऊ व्हायचं आणि कितीही लहान मापाची बांगडी न पिचता चढायची, असं म्हणतात.

मग तो आजार आला. एड्स हा शब्द गावाला पुढे कळला. आधी दिसल्या त्या वाळत चाललेल्या पोरी. गावाने लगेच बारसं केलं, ‘गल्लीचा रोग’! वा रे गाव! रोग आला ट्रकांतून, घरोघर गेला पुरुषांच्या पायांनी, आणि नाव मात्र गल्लीचं. सरपंच तात्यांचा तरणाताठा मुलगा त्याच आजाराने गेला, तेव्हा मात्र त्याच रोगाचं नाव कावीळ झालं. त्याच्या तिरडीवर झेंडूचा ढीग होता आणि खांदा द्यायला रेटारेटी होती. गल्लीतली बाई गेली की मात्र ग्रामपंचायतीचा कचऱ्याचा ट्रॅक्टर यायचा. तो तिला गावाबाहेरच्या जुन्या खाणीत नेऊन टाकायचा. अंगावर दोन पाट्या माती, संपलं. हे आमच्या गावाने केलं. सांगताना अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुतळाक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईंनी सगळं समजावून दिलं. हात धरल्याने हा आजार लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि निरोध वापरला तर जीव वाचतो. परत आल्यावर बायकांनी एकत्र बसून ठरवलं, निरोध नाही तर दाराची कडी काढायची नाही. जी आजारी पडेल तिला सगळ्यांनी पाळीपाळीने न्हाऊ घालायचं, भरवायचं. निरोधची पाकिटं पुतळाक्का दवाखान्यातून आणायची, पेटीच्या तळाशी, बांगड्यांच्या खाली. तो तळ कधी रिकामा झाला नाही, असं म्हणतात.

पण ती नुसती गल्लीतच थांबली नाही. गावातल्या लेकीसुनांचे हात भरून झाले की त्यांच्या ओंजळीतही ती एक पाकीट ठेवायची. “ह्ये बी घ्या. मालकास्नी लाज वाटली तर वाटू द्या. जीव तुमचा हाय.”

आता मात्र गावाची अब्रू गेली! देवळापुढे सभा भरली. तात्या ओरडले, “त्या बायकांचे हात धरती आणि त्येच हात आमच्या लेकीबाळींना लावती!”

पुतळाक्का उभी राहिली. “माज्या हातांचं काय घिऊन बसलाय, तात्या? तुमचे हात रातीला कुठं असत्यात, इचारू का एकेकाला?”

ज्याला उत्तर देता येत नाही तो बंदी घालतो. तशी बंदी घातली, कुठल्याही घराने पुतळाक्काला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. तिच्यावर बंदी म्हणून दुसरा कासारही बोरनाक्यात पाऊल ठेवेना. धुणं धुताना, दळण दळताना बायकांच्या बांगड्या एकेक करून पिचल्या आणि भरल्या घरातल्या सवाष्णींचे हात मोकळे दिसू लागले, असं म्हणतात.

त्याच सुमारास गल्लीतली निंगव्वा अंथरुणाला खिळली. एके काळी देवीच्या पालखीपुढे नाचताना तिच्याकडे बघत राहावं अशी ती बाई. आता भरलेल्या बांगड्या मनगटावरून घसरून पडायच्या. तिने पुतळाक्काचा हात घट्ट धरला. “अक्का, मला त्या टॅक्टरवरनं न्हेऊ नगा. मी कचरा न्हाई. माणसागत खांद्यावरनं न्ह्या.”

“न्हेतो,” पुतळाक्का म्हणाली. “भर गावातनं न्हेतो.”

निंगव्वा गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, पुतळाक्काने तिचे हात भरले. मग चौघींनी तिरडी उचलली. तिरडी फुलाच्या पाटीइतकी हलकी झाली, असं म्हणतात. मला विचाराल तर त्या वाळून गेलेल्या पोरीत वजन उरलंच किती होतं!

वेशीत पुरुष उभे होते. त्यांनी कचऱ्याचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा घातला होता. तात्या म्हणाले, “बायका खांदा देत न्हाईत. आणि ही आमच्या मसणात जळणार न्हाई.”

गल्लीतली द्यामव्वा पेटून उठली. हातातल्या बांगड्या उतरवत ओरडली, “बाईच्या मढ्याला भेता व्हय? घ्या, भरा ह्या बांगड्या!”

पुतळाक्काने तिचं मनगट धरलं. “काढू नगंस. भेकडांस्नी का द्यायच्या? निंगीचं हागणंमुतणं ह्याच हातांनी काढलं, आता तिरडी बी ह्याच हातांनी उचललीया. बांगडी मिळवावी लागती.”

कुणीच हलेना. तेवढ्यात सरपंचांच्या घराचं दार उघडलं. तात्यांची बायको अनसाबाई मोकळ्या हातांनी, डोईवरचा पदर सावरत चालत आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

“माज्या लेकराला कावीळ न्हवती,” ती म्हणाली. “ह्योच आजार हुता. तुमी मला त्येच्या अंगाला हात लावू दिला न्हाई. त्येनं पाणी मागितलं तर लांबनं सरकवलं. आज मला आडवू नगा.”

पुतळाक्काने भर रस्त्यात पेटी उघडली. अनसाबाईचा हात धरला आणि एक हिरवी बांगडी भरली. अनसाबाईने तिरडीला खांदा दिला. मग दारामागून दारं उघडली, ओसऱ्यांवरून, परसांतून बायका आल्या. हात पुढे करायच्या, बांगडी भरून घ्यायच्या, खांदा द्यायच्या. त्या बांगड्यांचा आवाज नदीपलीकडच्या शिवारात ऐकू गेला, आणि ट्रॅक्टर लाजून आपोआप मागे सरकला, असं म्हणतात. म्हणजे त्या दिवशी ट्रॅक्टरला लाज होती आणि माणसांना नव्हती.

स्मशानाजवळ तात्या मागून आले. अनसाबाई दमली होती. तिच्या जागी खांदा लावायला ते पुढे झाले, तर पुतळाक्का आडवी आली. “आदी हात.”

सगळ्या गावादेखत सरपंचाने हात पुढे केला. कुऱ्हाड धरून राठ झालेला तो पंजा, पण बांगडी न पिचता चढली, असं म्हणतात. एवढ्याने त्यांचं सगळं माफ झालं असं मात्र मी म्हणणार नाही. खाणीत टाकलेल्यांना कोण परत आणणार?

पुतळाक्का गेली तेव्हा खांद्यांना खांदे इतके लागले, की कुणालाच पाऊल टाकावं लागलं नाही. तिरडी खांद्यांवरूनच सरकत स्मशानात पोचली, असं म्हणतात.

आजही बोरनाक्यात कुणी वारलं, मग ते सरपंचाच्या घरातलं असो की मागल्या गल्लीतलं, तिरडी बांधून झाली की आधी बांगड्यांची पेटी येते. ज्याला खांदा द्यायचाय त्याने, बाई असो की बाप्या, उजव्या हातात पुतळाक्काची बांगडी भरून घ्यायची. माणूस कशाने गेलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

परवा एका घरचा शहरातला जावई पेटी बघून हसला. म्हणाला, “मी काय बाई आहे, बांगड्या भरायला?”

पेटीजवळ बसलेल्या म्हातारीने वरसुद्धा बघितलं नाही. “मग बाजूला व्हा, पावणं,” ती म्हणाली. “हितं माणसं खांदा देत्यात.”